वरच्यांची धाकटी

त्या उताराच्या रस्त्यावर दोन लाँड्र्या होत्या आणि दोन्हींच्या मधोमध चष्म्यांचं एक दुकान. लाँड्र्यांच्या पाट्यांवर रीतसर नावं होती, पण ती वाचायची तसदी कोणी घेत नसे. वरची लाँड्री आणि खालची लाँड्री, बस्स. एके काळी तो एकच धंदा होता, दोन जिवलग मित्रांनी काढलेला. मित्र गेले, मुलांनी वाटण्या केल्या. यंत्रं वाटली, गिऱ्हाइकं वाटली; वाटता आला नाही तो पाण्याचा नळ. तो वरच्यांच्या भिंतीतून खाली यायचा. एका हिवाळ्यात त्याचा कॉक बंद झाला की कोणी केला, देव जाणे. खालचा बॉयलर कोरडा पडून फुटला आणि खालचे मालक त्यात गेले. मालकीणबाई म्हणाल्या, वरच्यांनी मुद्दाम पाणी तोडलं. वरचे मालक म्हणाले, बॉयलरसमोर डुलक्या काढणाऱ्याचा दोष आमच्या माथी मारू नका. मेलेल्या माणसाबद्दलचं ते वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्या दोन घरांतून विस्तव जात नव्हता.

बाकीच्या रस्त्याने त्याची सवय करून घेतली होती. नवरा-बायकोत अबोला झाला की नवऱ्याचे शर्ट वर जायचे आणि बायकोचे कपडे खाली, त्यावरून शेजारपाजारी कोणत्या घरात काय शिजतंय ते ओळखायचे. चष्मेवाल्याने मात्र आपले पांढरे कोट वर टाकले होते आणि घरच्या चादरी खाली. त्याची आई म्हणायची, "दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा राहिलास तू, म्हणून तर तुझं कुठेच जमत नाही."

जमत नाही म्हणजे लग्न. चौतिशी गाठली तरी गडी एकटाच होता. दिसायला बरा, दुकान स्वतःचं, बोलणं मऊ. पण मुलगी समोर आली की याची जीभ टाळ्याला चिकटायची. "जगाला चष्मे लावतोस," आई म्हणायची, "आणि तुला स्वतःला एक पोरगी दिसेना!"

म्हणूनच वरच्या मालकांनी स्वतः कोट आणून दिले, खुर्ची ओढून बसले आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी आपल्या धाकटीचा विषय काढला, तेव्हा आईला आकाश ठेंगणं झालं. वरच्या मालकांना दोन मुलं. थोरला मुलगा पिळणीच्या यंत्रावर काम करणारा, हाताने दणकट आणि डोक्याने भडक. धाकटी हिशेबाला आणि इस्त्रीला, घरातली लाडकी. "मुलगा भांडकुदळ नाही, एवढंच मला पुरे आहे," मालक म्हणाले. "भांडणारे आमच्या घरात आहेतच की!" आणि स्वतःच हसले.

चार दिवसांनी धाकटी आत्याबरोबर दुकानात आली. निमित्त डोळे तपासण्याचं. खरं निमित्त आत्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. दुकानाच्या मागे डोळे तपासायची अंधारी खोली होती. आत्या मुद्दाम बाहेरच्या बाकावर बसली आणि पडदा आपल्या हाताने ओढून घेतला.

चष्मेवाल्याने तिच्या नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली. ती अक्षरं वाचू लागली. वरची मोठी वाचली, मधली वाचली, ज्या ओळीवर भलेभले अडखळतात ती शेवटची ओळही घडघड वाचली. मग तिने चौकट काढून मांडीवर ठेवली.

"माझे डोळे चांगले आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचं होतं. खालच्यांचा शिट्ट्या माहीत आहे ना?"

शिट्ट्याला कोण ओळखत नव्हतं! मालकीणबाईंचा एकुलता एक मुलगा. लाँड्रीची व्हॅन चालवायचा. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, सगळं तोच पोचवायचा. आणि व्हॅनच्या आवाजाआधी त्याची शीळ ऐकू यायची, एकही सूर जागेवर नसलेली.

"आमच्या गच्चीवरची चादर एकदा वाऱ्याने त्यांच्या गच्चीत गेली," ती म्हणाली. "आमच्याकडून कोणी मागायला जाईना, त्यांच्याकडून कोणी द्यायला येईना. शेवटी तो मागच्या जिन्याने आला. चादर पुन्हा धुऊन, इस्त्री करून आणलेली. म्हणाला, तुमच्यापेक्षा आमची खळ बरी, हात लावून बघा." तिला हसू आलं आणि तिने ते आवरलं. "तेव्हापासून. दुसऱ्या गावात त्याला गाडीवर नोकरी मिळतेय. पुढच्या महिन्यात आम्ही जाणार. पण तोवर माझं लग्न ठरू नये."

"मग घरी नाही म्हणा ना."

"मी नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. दादाला नुसता वास जरी लागला तरी तो त्याचा जीव घेईल. तुम्ही नाही म्हटलंत तर कोणी कारण विचारणार नाही. मुलाला कोण विचारतं?"

घास ओठाशी येऊन खाली पडावा तसं चष्मेवाल्याला झालं. कारण शेवटची ओळ वाचताना ती जरा पुढे झुकली होती, आणि तेवढ्यात त्याने मनाशी घर मांडून टाकलं होतं. पण माणूस सरळ होता. "मी सांगतो तसं," तो म्हणाला. पडद्यापलीकडून आत्या खाकरली तेव्हा त्याने मोठ्याने सांगितलं, "नंबर अजिबात नाही!"

आत्याला वाटलं, किती गुणी मुलगा.

त्याने खरोखरच नाही सांगून टाकलं. मुलगी फार लहान आहे, माझ्या वयाला शोभणार नाही, एवढंच कारण दिलं. आईने दोन दिवस त्याच्या पानात भाजी वाढताना चमचा आपटला. पण खरी आग वर लागली. असली मुलगी, असलं घर, आणि हा चौतिशीचा घोडा नाही म्हणतो? रस्त्यात कुजबुज सुरू झाली. काहीतरी ऐकलं असणार त्याने. कोणीतरी कान भरले असणार. आणि वरच्यांच्या पोरीचं वाईट चिंतणारं या रस्त्यावर दुसरं कोण आहे? हे शेवटचं वाक्य कोण बोललं ते कळलं नाही, पण ते थोरल्याच्या कानापर्यंत पोचलं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, शिट्ट्या दुकानात आला. दारातच व्हॅन लावलेली, हातात चष्मेवाल्याच्या घरच्या चादरींचा गठ्ठा.

"काका, तुमचे उपकार मी जन्मात फेडणार नाही."

"काका नको म्हणू रे. थोडा मोठा आहे तुझ्यापेक्षा, तुझ्या बापाच्या वयाचा नाही."

"बरं, दादा. चादरींचे पैसे घेणार नाही मी. आज नाही, कधीच नाही. आईला सांगू नका पण." शिट्ट्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला आणि दोघेही हसले. त्या पोरावर रागवणं कोणालाच जमलं नसतं, आणि चष्मेवाल्यालाही ते जमत नव्हतं.

रस्त्यावरून जाताना दुकानाच्या काचेतून थोरल्याने तेवढंच पाहिलं. बहिणीला नाकारणारा माणूस आणि खालच्यांचा पोरगा, हातात हात घालून हसताहेत.

तो आत आला नाही. शिट्ट्या बाहेर पडेपर्यंत पायरीखाली उभा राहिला. "काय सांगितलंस रे माझ्या बहिणीबद्दल?" शिट्ट्या गोंधळला. "मी? मी कशाला काही सांगू?" "मग दात काय काढत होतास?" शिट्ट्याला खरं सांगायची सोय नव्हती आणि खोटं त्याला सुचत नव्हतं. थोरल्याने त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का दिला. पिळणीचे हात ते. शिट्ट्या मागे कोलमडला आणि त्याच्या डोक्याची मागची बाजू दुकानाच्या दगडी पायरीच्या कडेवर आपटली.

क्षणभर तो हललाच नाही. थोरल्याचा रंग उडाला. मग शिट्ट्या कोपरावर उठून बसला, डोकं चोळलं आणि म्हणाला, "झालं समाधान?" थोरला चढाकडे चालता झाला.

चष्मेवाल्याने त्याला आत आणून खुर्चीत बसवलं, डोक्यावर ओला रुमाल धरला. रक्त जेमतेम होतं. त्याने बॅटरी घेऊन डोळे पाहिले. दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या, उजेड पडला की सारख्या आकसत होत्या.

"तरी इस्पितळात चल," तो म्हणाला.

"मी तिकडेच चाललोय की, चादरी घेऊन."

"डॉक्टरांना दाखव."

"दाखवलं की आईला कळणार. आई विचारणार, कोणी मारलं. नाव सांगितलं की ती पेटणार, पोलीस येणार, मग आम्ही निघायचं कसं?" तो उठला. "गठ्ठ्याचा कोपरा लागला म्हणून सांगेन. आणि तुम्ही तिला यातलं काही सांगू नका. भावाशी भांडेल उगाच."

तो व्हॅनमध्ये बसला. गाडी वळेपर्यंत त्याची शीळ ऐकू येत होती. चष्मेवाला पायरीवर उभा राहून ऐकत होता. एवढी बेसूर शीळ घालणाऱ्याला काय धाड भरणार, असं त्याच्या मनात आलं.

इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी शिट्ट्याने व्हॅन नीट लावली. चावी काढली. स्टिअरिंगवर हात ठेवून त्यावर डोकं टेकलं. गठ्ठे उतरवून घेणाऱ्यांनी पाहिलं आणि ते म्हणाले, दमलाय बिचारा, झोपू द्या. त्यांनी मागचं दार आवाज न करता उघडलं, एकेक गठ्ठा हलक्या हाताने उतरवला. सगळं उतरवून झाल्यावर सही घ्यायला एकाने त्याच्या खांद्याला हात लावला.

डॉक्टर तिथून हाकेच्या अंतरावर होते.

पोलिसांनी विचारलं तेव्हा चष्मेवाल्याने जे पाहिलं ते सांगितलं. कोणी ढकललं, कुठे लागलं. का ढकललं, ते त्याने सांगितलं नाही. ते सांगण्याचा अधिकार आपला नाही असं त्याला वाटलं. थोरल्याने मात्र अटक झाल्यावर कारण दिलं. माझ्या बहिणीची बदनामी केली म्हणून जाब विचारला, तो म्हणाला, मारायचं मनात नव्हतं. दुसरी बाब खरीच होती. पहिलीवर सगळ्यांनी विश्वास ठेवला. शिट्ट्या गेला तो गेला, वर त्याच्या नावाला डाग लागला. लोक हळहळायचे आणि पुस्ती जोडायचे, "पण परक्याच्या पोरीबद्दल बोलायची काय गरज होती?"

मालकीणबाईंनी लाँड्री एक दिवसही बंद ठेवली नाही. इस्पितळाला चादरी लागतातच, त्या म्हणाल्या. व्हॅनवर दुसरा माणूस ठेवला. फक्त त्याला ताकीद दिली, की गाडीत तोंडातून आवाज काढायचा नाही.

पंधरवड्याने आत्या धाकटीला घेऊन पुन्हा आली. "हिचे डोळे बघा हो जरा. भावासाठी रडून रडून काय करून घेतलंय बघा." धाकटी अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसली. पडदा पडला.

"घरात रडले की आई पाठीवरून हात फिरवते," ती म्हणाली. "म्हणते, येईल गं तुझा दादा सुटून. मला तिचा हात झटकावासा वाटतो. मला एकदा त्याच्यासाठी रडायचंय. दुसरीकडे कुठे जागा नाही."

"रडा," तो म्हणाला.

त्याने तिच्याकडे पाठ केली. ती ओढणीचा बोळा तोंडात कोंबून रडत होती आणि तो भिंतीकडे तोंड करून भिंगांची पेटी उघडझाप करत होता. अधूनमधून आत्यासाठी मोठ्याने म्हणत होता, "आता वरची ओळ... हं, आता त्याखालची... आता हे भिंग कसं वाटतं?" त्याच्या स्वतःच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण आवाज त्याने फुटू दिला नाही. पुष्कळ ओळी झाल्या. अक्षरं संपली तरी तो ओळी सांगत राहिला.

निघताना तिने विचारलं, "त्याने शेवटी काय म्हटलं?"

"तुम्हाला सांगू नका म्हणाला. तुम्ही भावाशी भांडाल म्हणून."

तिने डोळे पुसले आणि पडदा स्वतःच बाजूला सारला.

खटला उभा राहायच्या आदल्या आठवड्यात वरचे मालक आले. दोन महिन्यांत ते अंगाने निम्मे झाले होते. "माझा मुलगा खुनी नाही," ते म्हणाले. "तुम्ही साक्षीत एवढंच सांगा, की खालच्या पोराने तुमचे कान भरले होते, म्हणून तुम्ही लग्न मोडलंत. मग थोरल्याला राग येणं साहजिक ठरतं. वकील म्हणतात, शिक्षा निम्म्याने उतरेल." मग ते म्हणाले, "आणि धाकटीचं तुमच्याशीच करू. आता तरी नाही म्हणू नका."

त्याला धाकटी हवी होती. ते त्याने स्वतःपासून लपवलं नाही. पण मेलेल्या पोराच्या नावावर चिखल उडवून ती आणायची? "मी पाहिलं तेवढंच सांगेन," तो म्हणाला. मालकांनी हात जोडले, मग तेच हात खाली सोडले आणि म्हणाले, "तुम्हीही खालचेच निघालात."

त्याने धाकटीला निरोप पाठवला नाही, पण तिला घरात सगळं कळलंच.

कोर्टात चष्मेवाल्याने साक्ष दिली. थोरल्याच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही लग्नाला नकार का दिलात?" तो म्हणाला, "वयात अंतर होतं." "मयत तुमच्याकडे हसत हसत कशासाठी आला होता?" तो गप्प राहिला. "सांगा ना. मुलीबद्दल काय बोलला तो?"

"मी सांगते."

धाकटी मागच्या बाकावर उभी राहिली होती. आत्या तिचा पदर ओढत होती. न्यायाधीशांनी आधी तिला बसायला सांगितलं, मग पुढे बोलावलं.

"माझ्याबद्दल तो कोणाकडे वाईट बोलला नाही," ती म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. "आम्ही दोघं लग्न करणार होतो. यांना नाही म्हणायला मीच सांगितलं. त्यासाठी तो यांचे आभार मानायला गेला होता. दादाला हे माहीत नव्हतं. दादाने मारायचं म्हणून मारलं नाही, हेही खरं आहे. पण जो गेला त्याने काही केलं नव्हतं. त्याला वाईट म्हणू नका."

थोरल्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. तो कठड्याला धरून खाली बसला आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की शेजारचा शिपाईसुद्धा दोन पावलं मागे सरला.

थोरल्याला शिक्षा झाली. वरचे मालक बायकोला आणि आत्याला घेऊन मागच्या दाराने निघून गेले. धाकटीकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. ती कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर एकटी बसली. चष्मेवाला दूर उभा होता. पुढे व्हावं की नको, ते त्याला ठरवता येत नव्हतं. आणि तेवढ्यात मालकीणबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

त्याला वाटलं, आता बाई हात उगारणार. वरच्यांनी त्यांचा नवरा घेतला होता, मुलगा घेतला होता. धाकटीलाही तेच वाटलं असावं. तिने गाल पुढे केल्यासारखी मान वर केली.

"तो तुझ्याशी काय बोलायचा?" बाईंनी विचारलं.

"अं?"

"घरी तर तोंड उघडायचा नाही. जेवायचा, शिट्ट्या मारायचा, झोपायचा. मला वाटायचं, या पोराला बोलायला काही नसतंच." बाई तिच्याशेजारी बसल्या. "तुझ्याशी काय बोलायचा? सांग मला. सगळं सांग."

धाकटी सांगू लागली. लोक निघून गेले, झाडूवाला येऊन व्हरांडा झाडून गेला, तरी ती सांगत होती आणि बाई मान खाली घालून ऐकत होत्या.

त्या दिवशी ती त्यांच्याबरोबरच गेली आणि खालच्या लाँड्रीतच राहिली. ना सून, ना मुलगी, ना नोकर, कोणी विचारलंच तर बाई म्हणायच्या, "आमच्याकडची आहे." रस्त्यावर मात्र लोक तिला वरच्यांची धाकटीच म्हणत राहिले. वरच्या मालकांनी उतरणीचा रस्ता सोडला. लांबचा वळसा घालून जाऊ लागले. वैर काही मिटलं नाही, फक्त कोणाच्या अंगात ते चालवायची ताकद राहिली नाही. धाकटीची आई तेवढी एकदा दुकानात आली, चष्मा न घेता बसून राहिली आणि "जेवते ना ती?" एवढं विचारून गेली.

चष्मेवाल्याने दुकानाची दगडी पायरी फोडून तिथे लाकडी फळी बसवून घेतली. आई एकदा म्हणाली, "तिला विचारून तर बघ." तो म्हणाला, "तिला आता काही विचारायचं नसतं, आई." तो कोट आता खालीच टाकायचा. धाकटी ते घेताना "उद्या मिळतील" म्हणायची, आणि ते दोन शब्द तो घरापर्यंत नेत असे. त्यापुढे त्यांचं बोलणं कधी गेलं नाही.

काही वर्षांनी थोरला सुटला. त्या सकाळी चष्मेवाला कोट घेऊन खालच्या लाँड्रीत उभा होता. दारात सावली पडली म्हणून त्याने वळून पाहिलं. थोरलाच होता. केस पिकलेले, खांदे उतरलेले. तो आत आला नाही, उंबऱ्यावरच बसला आणि हात गुडघ्यांत धरून जमिनीकडे पाहत राहिला.

धाकटीने त्याला पाहिलं. ती टेबलापाशी वाळलेल्या चादरी सोडवत होती, तिचे हात थांबले नाहीत.

मालकीणबाई आतून बाहेर आल्या. थोरल्याला पाहून जागीच खिळल्या. बाईंनी भिंतीला टेकलेलं स्टूल उचललं, दारापाशी आतल्या बाजूला आपटून ठेवलं.

"उंबऱ्यात बसू नकोस," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाची वाट अडते."

थोरला उठला, स्टुलापर्यंत आला, पण बसला नाही. धाकटीने डबल बेडची एक मोठी चादर उचलली होती. तसली चादर एकट्याने घडी होत नाही. कामवाली अजून यायची होती. ती एक टोक धरून उभी राहिली, दुसरं लादीवर लोळत होतं. थोरला वाकला आणि त्याने ते उचललं. दोघांनी चादर ताणली, झटकली, मधोमध दुमडली. तो टोक द्यायला तिच्याजवळ गेला. तिने टोक घेतलं. त्याच्याकडे पाहिलं नाही. दुसरी चादर उचलली.

मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि त्या झटकन आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. पाठोपाठ मोठं यंत्र सुरू झाल्याचा घरघराट आला. चष्मेवाला कोट टेबलावर ठेवून निघाला. इतकी वर्षं त्या रस्त्यावर काढल्यावर कोणालाही आवाजावरून कळलं असतं, की आतलं यंत्र रिकामंच फिरतंय.